बाई, ह्याच्याकडं बघा की!

शाळेतल्या पोरांना एकमेकांशी बांधून ठेवणारी गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी प्रार्थनेचं नाव घेणार नाही, पाढ्यांचंही नाही. मी म्हणेन, तक्रार. ‘बाई, ह्यानं माझं खोडरबर घेतलं.’ ‘बाई, ही माझ्या वहीत बघायलीय.’ दिवसभर वर्गातून अशा तक्रारींचा ओहोळ वाहत असतो आणि कविता, बेरजा, नकाशे त्याच्यावरूनच कागदी होड्यांसारखे डुलत पुढे सरकतात. भूम तालुक्यात, बालाघाटाच्या माळावरच्या एका गावी, माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. या ओहोळाला ती वर्षानुवर्षं वैतागलेली. मग मार्च 2020 मध्ये करोनामुळं शाळांना कुलपं लागली आणि तिच्या कानांना विश्रांती मिळाली. ती तिला मानवली नाही.

तसं सरकार स्वस्थ बसलं नव्हतं. 15 जूनला नवं वर्ष सुरू झालं. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर येत होती. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड होतेच. ही युक्ती आधी वर्गात रुजवली ती शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. त्यांना त्याच वर्षी डिसेंबरात दहा लाख डॉलरांचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांत वाटून टाकली. डबा वाटून खायची शाळेतली सवय माणसाला कुठवर नेईल, सांगता येत नाही.

पण पुस्तकातला तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन वाचायला फोन लागतो. फोन बापाच्या खिशात, आणि बाप उडदाच्या रानात नाहीतर खव्याच्या भट्टीवर. भूमकडे दूध आटायला जितका वेळ लागतो तितका वेळ धड्यालाही थांबावं लागे. शिक्षण दिवेलागणीला, बापाच्या पाठोपाठ, पायरीशी चपला काढून घरात येई. मग पोरं कविता म्हणून पाठवत. कवितेच्या मागे म्हैस रेकायची, कढईत उलथणं खरखरायचं, कुणाची तरी आजी ‘बास कर आता, बॅटरी संपंल’ म्हणायची. बहीण ते सगळं रात्री उशिरापर्यंत ऐकत बसे. उच्चार स्वच्छ होते, अक्षर सुधारलं होतं, एकाच्या मधे दुसरा बोलत नव्हता. नेमकं यानंच तिच्या पोटात गोळा आला. ‘सगळी शहाणी झालीत रे,’ ती मला फोनवर म्हणाली, घरात कुणी आजारी पडल्याचं सांगावं तशा आवाजात.

सोलापुरात नीलमनगरच्या कामगारवस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवल्याची बातमी आली, तेव्हा तिला त्या शिक्षकांचा चक्क हेवा वाटला. भिंतीपाशी निदान ढकलाढकली तरी करता येते. फोनच्या पडद्यावर कोपर मारायला जागा कुठे?

एकदा तिनं चित्रं मागवली. घरातलं जनावर काढा, एवढंच. चित्रं आली, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर लागली आणि थोड्या वेळानं तिसरीतल्या एका पोराचा आवाज आला, ‘बाई, ह्याच्या म्हशीला पाच पाय हायेत.’ लगेच उत्तर : ‘ती शेपटी हाय!’ मग आणखी कुणी, ‘शेपटीला खूर असतोय का?’ बहिणीनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. अभ्यासक्रमात न बसणारा तो गलका महिन्यांनी कानावर पडला होता. त्या दिवसापासून तिनं गृहपाठाचं धोरणच बदललं. उत्तर एकच येईल असे प्रश्न बंद. भांडण होईल असेच प्रश्न द्यायचे. कुणाच्या दारातला लिंब जुना? कुणाची आजी जास्त खोटी गोष्ट सांगते? शिक्षणखात्याच्या कुठल्याही नमुन्यात या उपक्रमाला रकाना नव्हता, म्हणून तिनं तो ‘भाषिक कौशल्य’ या सदरात नोंदवला. मला विचाराल तर त्या वर्षातली ती सगळ्यात खरी नोंद असावी.

दसरा झाला. दरसाल या सुमाराला वर्गातली काही पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढच्या चौकटी उन्हाळ्यापर्यंत सुन्या राहतात. त्या वर्षी मात्र शाळाच फोनमध्ये असल्यानं ती त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरमधून निघाली आणि कारखान्याच्या माळावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत जाऊन राहिली. तिथून एका रात्री चौथीतल्या मुलीचा निरोप आला. अभ्यासाबद्दल अक्षर नाही. ‘बाई, माझ्या जाग्यावर कोण बसायलंय?’

खिडकीजवळची ती जागा. खोलीला कुलूप, बस्करपट्ट्या गुंडाळून कपाटात. बहिणीनं हे काही सांगितलं नाही. ‘कुणाला बसू देत नाही मी,’ एवढंच ती बोलली. आणि गट पेटला. ‘बाई, तिथं मी बसत होतो!’ ‘खोटं बोलायलाय, तो दाराजवळ बसतोय!’ ‘बाई, तिचं दप्तर माझ्याकडं सरकतंय!’ बंद खोलीतल्या, न अंथरलेल्या बस्करपट्टीची वाटणी करता करता रात्रीचे साडेदहा वाजले, आणि शेवटी बाईंना दोघांना, आपापल्या घरी, अंगठे धरून उभं करावं लागलं.