साडूंचा समुद्र

आमचे साडू गोव्यात प्लवकांवर संशोधन करतात. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. जे नुसत्या डोळ्यांना दिसतं, त्यात साडूंना रस नाही. मिरामारला सगळं कुटुंब सूर्यास्त बघत असतं, तेव्हा हे गुडघाभर पाण्यात पाठमोरे उभे राहून बाटली भरत असतात. एकदा धाकट्याच्या नाकातोंडात लाट गेली. बायकोने आरडाओरडा केला, तर म्हणाले, "घाबरू नका ताई. एका घोटात दोन-अडीच कोटी जिवाणू गेले असतील, पण सगळेच काही वाईट नसतात." तेव्हापासून ताई आणि धाकटा दोघेही किनाऱ्यावरच बसतात.

कोकणात रात्री लाट निळी चमकली, तेव्हा आमची ही जरा हळवी झाली होती. साडू म्हणाले, "नॉक्टिलुका. पाणी ढवळलं की चमकतो. एकपेशीय आहे, तरंगायला आत अमोनिया साठवतो." अमोनिया ऐकल्यावर हळवं राहणं अवघडच.

जेवायला बोलवावं, तर ढोम्याच्या कालवणातलं डोकं यांनाच लागतं. खायला नव्हे. शर्टाच्या खिशातून चिमटा निघतो, कवटीतून दोन पांढरे खडे निघतात, ते रुमालाने पुसून दिव्यापुढे धरले जातात. कानातले खडे. त्यांवरच्या वलयांवरून माशाचं वय काढतात म्हणे. तोवर भात निवतो.

पण खरा माणूस कळतो तो अंगठ्यावरून. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि कोपेपॉड नावाचा एकेक प्लवक दिसला की हातातला काउंटर टक्‌कन दाबायचा, हे काम वर्षानुवर्षं केल्याने आता काउंटर नसला तरी अंगठा चालतो. देवळात चालतो, बँकेच्या रांगेत चालतो. आमच्या पुतणीच्या लग्नात पंगतीवर नजर फिरवत तो चालूच होता. मी विचारलं, किती?

"२१४. त्यांतले १९ डिंभक."

डिंभक म्हणजे लहान पोरं, हे मला नंतर कळलं.

शेजारच्या पाटावरचे मुंबईचे पाहुणे कौतुकाने म्हणाले, "मग देवमाशांवरही काम करत असाल?" साडूंचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो, हे त्यांनी एका वाक्यात उरकलं. "पण महत्त्वाची त्याची विष्ठा! लोह असतं तिच्यात. पृष्ठभागावर पसरली की वनस्पती-प्लवक वाढतात. रंग सांगू?"

वाढपी बासुंदी घेऊन आला होता. पाहुण्यांनी वाटीवर हात ठेवला.