ब्रेक ऑइलला कोण विचारतो?

गाडीचा पिकअप वाढवायच्या नादात एक जुना अन्याय आहे. जी सुधारणा खरोखर कामाची, ती कुणाच्या नजरेस पडत नाही. आणि जी नजरेस पडते, किंवा निदान तीन गल्ल्या पलीकडून ऐकू येते, तिने गाडीत फारसा फरक पडलेला नसतो. ब्रेक ऑइल बदललं म्हणून मराठी मंडळात कुणाचं कौतुक झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मागे पंख लावला, की मात्र हातातला बटाटेवडा तसाच धरून माणसं पार्किंगमध्ये बघायला येतात.

माझी गाडी माझदा मियाटा, २०१६ सालची. दोन दारं, दोन सीटा, वर कापडी छप्पर, दोन लिटरचं इंजिन, १५५ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम १०६० किलोच्या घरात. ही गाडी मी रविवारी ऊन दाखवायला बाहेर काढत नाही. रोज एडिसनहून प्रिन्स्टनला, ऑफिसला नेतो आणि तीही रूट १ वरून. न्यू जर्सीतल्या वाचकांनी इथे कपाळाला हात लावला असेल. शून्यावरून ताशी साठ मैल गाठायला या गाडीला सहा सेकंदांच्या आसपास लागतात. रूट १ वर साठच्या आधी सिग्नल येतो. मी थांबतो. मग काही घाई न करता एक मिनीव्हॅन येते आणि शेजारी उभी राहते. चालवणारी बाई कॉफीचा घोट घेते आणि वरून माझ्याकडे बघते. पुढच्या सिग्नलला पुन्हा तीच बाई, तोच कप.

‘अशा रस्त्यावर अश्वशक्ती वाढवून तू करणार काय?’ असा प्रश्न आमच्या घरात विचारला गेला. विचारणारी बायको. ती एका विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करते, त्यामुळे माझ्या छंदाबद्दल तिला व्यावसायिक कुतूहलही आहे. शिवाय आमच्याकडे बऱ्यापैकी मोठा कुठलाही खर्च मुंबईच्या विमान तिकिटांत मोजला जातो. डायनिंग टेबल दीड तिकिटाचं, मुलाचे दातांचे ब्रेसेस चांगले चार तिकिटांचे. ‘टर्बो किट’ हा शब्द मी जेवताना सहज उच्चारून पाहिला. किट पाच हजार डॉलरच्या पुढे, ते बसवण्याची मजुरी वेगळी, वाढीव ताकद सोसवेना म्हणून पुढे कधीतरी क्लच. तिने भाताचा घास गिळेपर्यंत बेरीज केली होती. “म्हणजे आपण चौघं एकदा दिवाळीला जाऊन आलो,” ती म्हणाली, “आणि तू रूट १ वरच राहिलास.”

तसं पाहिलं तर ताकद हा या गाडीचा प्रांतच नव्हे. हलकेपणा हा तिचा धर्म. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हा इंजिन १.६ लिटरचं आणि अश्वशक्ती ११६. जुन्या ब्रिटिश रोडस्टरांची मजा उचलायची आणि त्यांचं रस्त्याकडेला रुसून बसणं तेवढं सोडून द्यायचं, असा सरळ बेत होता. तो इतका जमला की २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. माझदाचे इंजिनिअर वजनाचा हिशेब ग्रॅममध्ये करतात. माझ्या गाडीत त्यांनी स्टेपनीसुद्धा दिलेली नाही, पंक्चर बुजवायचं सामान दिलं आहे. एवढ्या तपश्चर्येनं वाचवलेलं वजन आमच्या आईने नेवार्क विमानतळावर एका दमात भरून काढलं. माणसं बायकोच्या मोठ्या गाडीत बसली, बॅगा बसल्या, एक उरली. मियाटाची डिकी १३० लिटरची; तिच्यात ती बॅग जाणं शक्यच नव्हतं. म्हणून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि कुणा आत्येबहिणीनं तिच्या मुलासाठी दिलेली पितळी समई असा ऐवज माझ्या शेजारच्या सीटवर विराजमान झाला. गाडी सुरू केल्याबरोबर सीटबेल्टचा इशारा वाजायला लागला. गाडीला वाटलं, कुणीतरी बसलंय. मी भाजणीला बेल्ट लावला आणि टर्नपाइकला लागलो.

आता आमच्या मंडळाच्या खजिनदारांविषयी. गणपतीत कागदी ताटल्यांचा भाव एका सेंटनं वाढला तर हा गृहस्थ कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावतो. त्यांच्या स्वतःच्या गाडीला मात्र अंदाजपत्रक नाही. कंपनीनं घातलेला टर्बो आहेच. त्यावर बॉनेटखाली लालभडक एअर इनटेक, मागे पंख आणि ताकाच्या चरवीएवढी तोंडं असलेला एक्झॉस्ट. ते मला नेहमी प्रेमाने सुचवतात, “अरे, तू इनटेकपासून सुरुवात कर. तीन-चारशे डॉलर फक्त.” आता इनटेकची गोष्ट अशी, की आजकालच्या गाड्यांचं इंजिन मुळातच पुढच्या बाजूनं, बाहेरची थंड हवा ओढून घेतं. कंपनीच्या इंजिनिअरांनी ती काळी प्लॅस्टिकची पेटी काही कंटाळा आला म्हणून तिथे बसवलेली नसते. ती काढून चकचकीत नळी लावली, तर मिळाल्याच तर दोन-चार अश्वशक्ती मिळतात. आवाज मात्र भरघोस मिळतो आणि कान मेंदूला सांगतात, की गाडी उडते आहे.

एक्झॉस्टचं त्याहून पुढचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावणं इथल्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा, म्हणून बहुतेक सज्जन त्याच्या मागचा भाग तेवढा बदलतात, म्हणजे मुख्यतः सायलेन्सर. ताकद जवळपास होती तेवढीच राहते, पण नव्वद मिनिटांच्या प्रवासात कवटीच्या आत एकच सूर लागून राहतो. खजिनदार गाडीतून पुण्याला आईशी बोलतात. माउली दर वेळी विचारते, “विमानात बसलास का रे?” आणि ते ‘नाही’ म्हणेपर्यंत, न परवडणाऱ्या दरानं मुलाने विमानातून फोन केला म्हणून रागावून फोन ठेवून देते.

मी वेगळ्या टोकाने सुरुवात केली, जमिनीकडून. गाडीत काहीही घाला. वेग घेणं, वळणं आणि थांबणं ही तिन्ही कामं शेवटी तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांवरच होतात. म्हणून पहिला खर्च टायरांचा. चांगल्या पकडीचे उन्हाळी टायर, २०५/४५, सतरा इंची, चारही मिळून सातशे डॉलरच्या आसपास. बाबा त्या वेळी इथेच होते. त्यांनी रुपयांत गुणाकार केला आणि अंगणात येऊन टायरांभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“साठ हजार?”

“हो, बाबा.”

“पण काळेच आहेत.”

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं बजाज चेतक चालवली. त्यांच्या लेखी परफॉर्मन्स वाढवणं म्हणजे पॉलिश पेपरनं प्लग घासणं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर स्कूटर एका अंगावर कलती करून किक मारणं. तिकीटवाल्या हिशेबात हा उपाय शून्यात बसतो. बायकोनं मान डोलावली.

टायरांची एक मेख मात्र आहे. उन्हाळी रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड गमावतं. न्यू जर्सीचा जानेवारी सात अंशांची वाट बघत थांबत नाही. रोजची गाडी असल्यामुळे हिवाळी टायरांचा दुसरा संच लागला, तो ठेवायला गॅरेजमध्ये जागा लागली आणि त्या जागेवर बायकोची ट्रेडमिल उभी होती. ती आता बैठकीच्या खोलीत आहे. हा खर्च डॉलरमध्ये सांगता येत नाही.

मग ब्रेक ऑइल. ही चीज हवेतलं बाष्प हळूहळू पीत राहते. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. पाणी पिऊन बसलेल्या ऑइलसाठी हीच अट १५५ पर्यंत खाली येते. घाटात किंवा ट्रॅकवर सारखे ब्रेक मारले, की ते तापतं, आत वाफेचे बुडबुडे धरतात, बुडबुडे दाबले जातात आणि पायाखालचं पेडल स्पंजासारखं खाली जातं. त्या क्षणी बॉनेटखालची लाल नळी तुमच्यासाठी काहीही करत नाही. ऑइलच्या बाटलीची किंमत वीस डॉलर. तिकिटाच्या हिशेबात, विमानतळावरचं एक सँडविच. बरोबर जरा बऱ्या जातीचे ब्रेक पॅडही घातले. मंडळाच्या सहलीत मी हा विषय काढला, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी मला कोशिंबीर वाढायला सांगितली.

सगळ्यात स्वस्तात मस्त ठरलं ते अलाइनमेंट. कंपनी बेतानं वागते. तिला गाडी सगळ्या जगाला विकायची असते. पुढच्या चाकांचे माथे ठरलेल्या मर्यादेतच किंचित आत कलवले, चारही चाकं एकमेकांशी जुळवून घेतली, की वळणावर टायर पुरता टेकतो आणि गाडी सांगितलं तिकडे जाते. शे-दीडशे डॉलर. या सुधारणेला दृश्य पुरावा आहे, हे तिचं विशेष: काम झाल्यावर छापील कागद मिळतो, डाव्या बाजूला आधीचे लाल आकडे आणि उजवीकडे नंतरचे हिरवे. मी तो फ्रिजवर लावला. पाहुण्यांनी तो कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट समजून बराच वेळ वाचला आणि आईला हळूच विचारलं, “आता बरे आहेत ना?”

हे सगळं झाल्यावर गाडी किती सुधारली ते मोजायचं कुठे? रूट १ वर तर नाहीच. इथे ऑटोक्रॉस नावाचा बरा प्रकार आहे. मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी कोन मांडून वळणावळणाची वाट करतात, एका वेळी एक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. फेरी साधारण मिनिटाभराची. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. उरलेल्या वेळात स्पर्धकांनीच उन्हात उभं राहून पडलेले कोन उचलायचे, कुणी उपाध्यक्ष असो वा खजिनदार. नवशिक्यांच्या शेजारी कुणी जाणता बसतो. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजीबाई बसल्या. त्यांची स्वतःची मियाटा पहिल्या पिढीतली, रंग उडालेली, माझ्याहून कमी ताकदीची आणि घड्याळात माझ्याहून कितीतरी पुढे. पहिल्याच वळणाला त्यांनी विचारलं, “नजर कुठे आहे तुझी? कोनाकडे बघतोस म्हणून कोनावर जातोस. पुढचं वळण बघ.” दुसऱ्या फेरीआधी त्यांनी टायरमधली हवा थोडी कमी करून घेतली. तिसऱ्या फेरीनंतर त्या म्हणाल्या, की मी ब्रेक बरे मारतो. ब्रेकबद्दल मला मिळालेला हा पहिला चांगला शब्द. टायरांनी जेवढी सेकंदं कमावून दिली त्याहून जास्त त्या बाईंनी एका सकाळीत दिली, आणि प्रवेश फीपलीकडे एक सेंटही लागला नाही.

खजिनदारही आले होते. त्यांची गाडी सरळ पट्ट्यात देखणी धावली, आवाजानं कोनसुद्धा थरथरले असावेत. पहिल्या वळणाला मात्र ती नाकासमोर पाहत सरळ निघून गेली आणि चार कोन पोटाखाली घेऊन थांबली. दुपारी ते हेल्मेट घालून माझ्या शेजारी बसले. फेरीभर एका हातानं दार धरून होते. बाहेर आल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, “काय लावलंयस हिला?”

“टायर,” मी म्हटलं, “ब्रेक ऑइल, पॅड, अलाइनमेंट.”

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. आत वाकून बराच वेळ शोधलं, काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीवर बोटानं टिचकी मारून पाहिली, खाली वाकून एक्झॉस्टकडे पाहिलं. मग बॉनेट लावलं आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “सांगायचं नसेल तर तसं सांग की रे, मी काय कार्यकारिणीत मांडणार होतो?”