लेंग्याला पिस्तूल

आमच्या वडगाव रासाईत नवी वस्तू आली की ती पहिल्यांदा रासाईच्या देवळापुढं उभी राहते. ट्रॅक्टर, जेसीबी, उसाचा ट्रेलर, हप्त्यावरची बुलेट, काहीही असो. हार घालायचा, नारळ फोडायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढं घ्यायची. २०१९ च्या पावसाळ्यात माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलं तेव्हा घरात पहिला पेच पडला तो हा, की लिंबू कुठं ठेवायचं. काकू म्हणाल्या, नळीपुढं. आजी म्हणाली, "आन् ते ठिवणारं माणूस कुठं हुबं ऱ्हायचं?" तात्यांनी परवाना काढून मला वाचायला लावला. जत्रेत, मिरवणुकीत, जमावात, शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेऊ नये, अशी अट निघाली. आमच्या देवळापुढं दिवसभर पत्त्यांचा जमाव असतो. काकूंनी विचारलं, "मग न्यायचं तरी कुठं हो हे?" या प्रश्नाचं उत्तर तात्यांकडं तेव्हा नव्हतं, आजही नाही.

पहिली छाप पडली ती आकाराची. बघायला आलेला प्रत्येक जण "एवढंसंच?" म्हणाला. सिनेमानं लोकांच्या अपेक्षा वाढवून ठेवल्यात. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीत बनलेलं ते .३२ बोअरचं काळं पिस्तूल तात्यांच्या नांगरधऱ्या पंजात जवळजवळ दिसेनासंच होई. पण हातात घेतलं की वजन कळायचं, आणि बोटांना लागलेला तेलाचा वास जेवताना भाकरीलाही यायचा. दुसरा प्रश्न ठरलेला, "गावठी का लायसनचं?" लायसनचं आहे म्हटल्यावर निम्म्या लोकांचा रस संपे. उरलेल्यांचा तिसरा प्रश्न किमतीचा. लाखाच्या आसपास म्हटलं की माणूस आपापल्या हिशेबाला लागे. कुणाला त्यात गाभण म्हैस दिसली, कुणाला एकरभराचं ठिबक. जावईबापूंना त्यात काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरला. अभिमानाची गोष्ट एकच निघाली. प्रत्येक राऊंडच्या बुडाला 'केएफ' असा ठसा होता. केएफ म्हणजे खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. "पिस्तूल परमुलखातलं असंल, पण गोळ्या आपल्या पुण्याच्या," असं म्हणून तात्यांनी त्या पुन्हा मोजून डबीत ठेवल्या.

हे पिस्तूल घेण्यामागं कारण होतं बिबट्या. भीमेच्या या काठाला आमचा शिरूर आणि पलीकडं दौंड, दोन्हीकडं ऊस. बिबट्यानं कधीच डोंगर सोडलाय. त्याची मादी उसात विते, पिल्लं उसात वाढतात, तोडणीवाल्यांना फडात सापडतात. शेतीची लाईट तेव्हा निम्मे दिवस रात्रीची. म्हणजे तो ज्या वेळी हिंडतो त्याच वेळी आम्ही मोटार चालू करायला निघायचो. हा थट्टेचा विषय नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात पिंपरखेडला त्यानं लेकरं नेली, म्हातारं माणूस नेलं, आणि लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागले. तात्यांची वस्ती गावापासून लांब, उसाच्या ऐन पोटात. तेव्हा त्यांनी अर्ज केला तो भाबडेपणानं आणि खरं कारण लिहून.

खऱ्या कारणानं घोटाळा केला. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "धोका कुणापासून?"

"बिबट्यापासून."

"बिबट्या १९७२ च्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे," साहेब म्हणाले. "त्याला तुमच्यापासून धोका आहे, असं सरकारनं धरलंय. माणूस सांगा."

आता तात्यांना माणूस कुठून मिळणार? दूध संकलनाचं काम करणारा माणूस. फॅट कमी लागली तरी वाढवून लिहिणारा. गावात त्यांचं वाईट चिंतणारं कुणी नाही. परतीच्या वाटेवर न्हावऱ्याला चहा पिताना ते मला म्हणाले, "एवढं वय झालं रं, पर एक शत्रू नाय जोडला." त्या वाक्यातली खंत खरी होती. पुढाऱ्यांना शत्रू असतात, बिल्डरांना असतात, वाळूवाल्यांना तर हवे तेवढे असतात. आपण काय केलं जन्माला येऊन?

मार्ग काढला आप्पांनी. आप्पा तात्यांचे चुलतभाऊ. दोघांत बांधावरच्या एका बाभळीवरून जुना दावा होता. बाभूळ कधीच वाळली, दावा तारखांवर जिवंत होता, आणि तारखेला दोघं एकाच मोटारसायकलवर जात. आप्पा म्हणाले, "माझं नाव टाक की. घरचा असताना बाहेरचा कशापायी हुडकतो?" पोलिसांची चौकशी आली तेव्हा आप्पा स्वच्छ धोतर नेसून बसले होते. तुम्ही यांना धमकी दिली का, या प्रश्नाला ते म्हणाले, "दिली. पायजे तर आत्ता तुमच्यासमोर देतो." त्या चौकशीचा चहा आप्पांच्या घरी झाला. दूध तात्यांचं.

नंतर वैद्यकीय दाखला, फोटो, शेजाऱ्यांचे जबाब, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणं शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण. तिथं तात्यांना पिस्तुलाचा खरा स्वभाव कळला. रिव्हॉल्वर साधं जनावर. फिरतं चाक, गोळी दिसते, घोडा ओढला की बार. सेमी-ऑटोमॅटिकचं तसं नाही. आधी मुठीत मॅगझिन सारायचं, मग वरची स्लाइड दुसऱ्या हातानं मागं ओढून सोडायची, की पहिली गोळी चेंबरमध्ये चढते. त्यापुढं दर बाराला स्लाइड आपसूक मागं जाते, रिकामी पुंगळी फेकते आणि येताना दुसरी गोळी चढवते. ट्रिगर मात्र प्रत्येक गोळीला वेगळा दाबावा लागतो. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे मॅगझिन काढलं तरी चेंबरमधली गोळी आतच राहते. रिकामं समजून केलेल्या थट्टेत जेवढी माणसं गेलीत तेवढी भांडणात गेली नसतील, असं शिकवणारे गृहस्थ म्हणाले. ते तात्यांच्या इतकं मनावर बसलं की घरी ते पिस्तूल तपासताना आधी सगळ्यांना अंगणात काढत, मग स्वतः बाहेर येत, आणि मग आत कुणीच नाही हे ध्यानात येऊन पुन्हा आत जात.

नेमबाजीत तात्यांनी स्वतःचा कागद सोडून शेजारच्याचा कागद फोडला. शिकवणाऱ्यांनी धीर दिला, की आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं, सरावानं जमतं. आजीला हे सांगितल्यावर तिनं फक्त भिंतीवरच्या गोफणीकडं बघितलं. तरुणपणी ज्वारी राखताना माळ्यावरून ती कणसावरचं पाखरू उठवायची आणि कणसाला धक्का लागू द्यायची नाही. त्याला लायसन लागत नव्हतं.

खरी अडचण घरी आल्यावर निघाली. तात्या जन्मभर लेंगा घालणारे. पिस्तुलाचं पाकीट पट्ट्याला अडकवायचं असतं. लेंग्याला नाडी. पहिल्या दिवशी दूध घालायला निघाले तेव्हा पिस्तूल आणि नाडी यांच्यात जे झालं ते डेअरीवर सगळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून तात्यांचा एक हात कायम कमरेला. लोक म्हणाले, तात्या पिस्तुलाला हात घालूनच बोलतात, माणूस बदलला. तात्या लेंगा धरून उभे होते हे फक्त घरच्यांना ठाऊक. शेवटी शिरूरला जाऊन पँट शिवली. पँटला बूट आले, बुटाला मोजे आले. असा बाप्या बांधावर उभा राहिला की मजूर त्याला कृषी सहायक समजून अनुदानाचं विचारायला लागले.

त्यांचा पडलेला चेहरा बघून मी त्यांना खानदान सांगितलं. या .३२ च्या गोळीचा जनक जॉन ब्राउनिंग. त्यानं ती १८९९ मध्ये काढली. पुढं सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर पेटीच्या खोट्या तळातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात धाडली, आणि त्यांतलं एक २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर चाललं. 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. चालवणारे अनंत कान्हेरे, विशीही न गाठलेले. तात्या ताठ बसले. अंगावर काटा आला म्हणाले. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोरानं ठिवलं कुठं हुतं? धोतरात?"

मग राखण सुरू झाली. परवानाधारकानं शस्त्र सुरक्षित ठेवायचं असतं. हरवलं तर पहिली चौकशी त्याचीच. तात्यांनी लोखंडी कपाट आणलं. कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली डब्यात, डबा कोठीत, कोठीच्या खोलीला कुलूप, आणि ती किल्ली आजीच्या कनवटीला. दारात कुत्रं बांधलं. पूर्वी वस्तीचं दार रात्री उघडं असायचं. चोरण्यासारखं होतं काय? आता लाखाचं काहीतरी आत आहे हे पंचक्रोशीला माहीत. तात्या लग्नाला गेले तरी जेवून लगेच परत. पंढरीची वारी त्या साली हुकली. काकू म्हणाल्या, "आधी बिबट्या आला तर काय, एवढीच काळजी हुती."

आणि तो आलाच. श्रावणातली रात्र, लाईट आलेली, तात्या पिस्तूल घेऊन मोटारीकडं निघालेले, मी मागं. पाटाच्या कडेला तो बसला होता. बॅटरीच्या उजेडात दोन डोळे. तात्यांनी पिस्तूल काढलं. चेंबर अर्थातच मोकळं, कारण शिकवणारे गृहस्थ. स्लाइड ओढायला दोन हात लागतात. एका हातात बॅटरी. तात्यांनी बॅटरी दातांत धरली. आता दोन्ही हात मोकळे झाले, पण तोंड बंद झालं. एरवी असल्या वेळी आमच्याकडं माणूस जी बोंब ठोकतो तिनं हत्तीसुद्धा हलेल. ती बोंब घशातच राहिली. बॅटरी दातांत थरथरत होती, त्यामुळं बिबट्या कधी दिसे, कधी उसाचं पाचट. तात्यांनी स्लाइड ओढली, सोडली, आणि उभे राहिले. नंतर त्यांनी सांगितलं की त्यांच्या डोक्यात सगळं एकदम आलं. जिवावर बेतलं तर कायदा माफ करतो, पण जिवावर बेतलं होतं हे सिद्ध कोण करणार? हवेत बार काढला तर त्या एका राऊंडचा हिशेब कुणाला द्यायचा? आणि ही साडेचार ग्रॅमची गोळी त्याला लागली नाही तर ठीक, लागली तर तो चिडणार. तेवढ्या वेळात बिबट्यानं पाय ताणले, लग्नात मानपान न मिळालेल्या पाहुण्यासारखं आमच्याकडं एकदा बघितलं, आणि तो उसात गेला. बोंब मी ठोकली. उशिरा, पण ठोकली.

२१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पिस्तूल ठाण्यात जमा झालं. तात्या पावती घेऊन घरी आले आणि कित्येक आठवड्यांनी गाढ झोपले. कुत्रं सोडलं, दार उघडं राहिलं. पुढं खंडेनवमी आली, ७ ऑक्टोबरला. कोयते, खुरपी, पहार, ट्रॅक्टर, सगळं धुऊन ओळीत मांडलं. आजी म्हणाली, "नवं हत्यार कुठाय? पयल्याच वर्साला बिनपुजंचं ठिवायचं?" तेव्हा कोयत्याशेजारी पाटावर ठाण्याची पावती मांडली. आजीनं तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, निरांजन ओवाळलं. निकालानंतर पिस्तूल सोडवायला गेलो तर कुंकवाचं बोट नेमकं पिस्तुलाच्या नंबरावर उठलेलं. हवालदारांनी पावती उजेडाला धरली, कपाळाला लावली आणि रजिस्टरवरून नंबर जुळवला.

त्याच डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली, तीन शस्त्रांऐवजी दोनच बाळगायची परवानगी उरली, आणि लग्नात-वरातीत हौसेनं बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. लग्नसराईत पोरं मागं लागत, "तात्या, एक तरी हुन जाऊ द्या!" तात्या कमरेवर हात ठेवून म्हणत, "एका बाराला लाख. आहेर तू करणार का?" गावात एवढाच त्याचा वापर झाला, नाही म्हणण्यापुरता.

परवा परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद भरायला मी वस्तीवर गेलो होतो. आप्पा तिथंच ओट्यावर चहा पीत बसले होते. बाभळीचा दावा आता दोघांच्या पोरांनी आपसात मिटवलाय, बांधही गेलाय. मी म्हटलं, तात्या, धोका संपला की काय, असं साहेबांनी विचारलं तर? तात्या काळजीत पडले. आप्पांनी कप खाली ठेवला आणि खिशातून घडी घातलेला एक कोरा अर्ज काढून माझ्यापुढं सारला.

"त्याचं झालं की माझा भर. मला बी एक घ्यायचंय."

"आप्पा, धोका कुणापासून लिहू?"

"ह्याच्यापासून," तात्यांकडं बोट करून आप्पा म्हणाले. "ह्याच्याकडं तर पिस्तूल हाय."

तात्यांनी थोडा विचार केला, आत गेले, आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन बाहेर आले.