रामेनकर

कोल्हापुरात ज्याला मटण आवडत नाही त्याचं लग्न जमायला वेळ लागतो. ज्याला रामेन आवडतं त्याचं लग्न वेळेत जमतं, पण पुढं त्याच्या बायकोला वेळ पुरत नाही.

मूळ आडनाव पाटील असो, मोरे असो की कुलकर्णी, गल्लीत तो रामेनकरच. वय तिशी-पस्तिशीचं, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, वडिलांचं उद्यमनगरात वर्कशॉप नाहीतर शिरोलीला फौंड्री. लॉकडाऊनमध्ये त्यानं कोरियन मालिका बघितल्या. त्यांतली माणसं प्रेमात पडली की नूडल्स ओरपायची, प्रेम मोडलं की नूडल्स ओरपायची आणि नोकरी गेली तर वर अंडं फोडून ओरपायची. तिथून हा गडी जो सुटला तो समुद्र ओलांडून थेट जपानच्या रामेनपाशी, तिथल्या रश्शातल्या नूडल्सपाशी, जाऊन थांबला. म्हणजे मनानं. देहानं तो पुण्याच्या पुढं फारसा गेलेला नाही.

जावळाच्या पंगतीत तुम्ही पांढऱ्या रश्शाची वाटी तोंडाला लावावी आणि शेजारून आवाज यावा, "भावा, हे म्हंजे तोनकोत्सूच की रे," तर समजायचं, भेटला. मग रस्सा निवेपर्यंत माहिती ऐकायची. जपानच्या दक्षिणेला क्यूशू बेट, तिथं फुकुओका शहर, त्यातला हाकाता भाग. तिथं डुकराची हाडं तासन्‌तास खळाखळा उकळतात. आच मंद ठेवली तर सूप नितळ राहतं. उकळी जोराची असली की हाडातला मगज, चरबी, जिलेटिन सगळं पाण्यात घुसळून निघतं आणि रस्सा पांढरा होतो. समोर बसलेले तात्या भाकरी मोडायची थांबतात.

"नारळाचं दूध घालत न्हाईत?"

"न्हाई तात्या."

"काजू, खसखस, तीळ?"

"कायबी न्हाई. निस्ती हाडं."

तात्या हळहळतात. "परिस्थिती नसंल बिचाऱ्यांची."

रामेन तो घरीच करतो. डुक्कर या उंबऱ्याच्या आत येणार नाही, हे आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं. त्यामुळं हाडं बकऱ्याची. या शहरानं २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आंदोलन केलेलं आहे. इथं गिऱ्हाईक मटणाच्या दुकानात अधिकारानं उभं राहतं. मांडीचं दे, चाप घाल, चरबी काढ, कालच्यासारखं नको. रामेनकर मात्र खालमानेनं दोन किलो नळ्या आणि पाये मागतो.

"आणि मटण?"

"मटण नको."

दुकानदार सुरा खाली ठेवतो. "कुणाचं हाड मोडलंय?"

खरं सांगितलं तर त्याला आणखी काळजी वाटेल म्हणून रामेनकर सांगतो, "वडलांचं." तेव्हापासून वडील वर्कशॉपला चालत जाताना दिसले की निम्मी पेठ त्यांच्या जिद्दीचं कौतुक करते.

हाडं घरी आली की स्वयंपाकघराची फौंड्री होते. तिथं प्रत्येक ओतीला हीट नंबर देतात. हा प्रत्येक रश्शाला देतो. वर्कशॉपमधली टेंपरेचर गन पातेल्यावर धरून आकडे वहीत उतरवतो: हाडं किती, पाणी किती, उकळी कधी फुटली, सिलिंडर कधी संपला. शेवटचा रकाना बायकोनं मागून घेतला आहे, शेरा लिहायला. त्यात बहुतेक वेळा "वास पडद्यांना लागला" असं असतं. एकदा दाशीच्या नावाखाली त्यानं सुकट टाकली होती. जपानी लोक सुक्या माशांचा अर्क वापरतात हे खरंच आहे, पण त्यांच्या जिन्यात संकष्टीचे मोदक करणारे शेजारी नसतात.

अजिनोमोटोशी त्याचं नातं तपासण्यासारखं आहे. कॉलेजात असताना तो चायनीजच्या गाड्यावर मंचाव सूप प्यायचा, वर तळलेल्या नूडल्स चुरून. पुढं तब्येतीचं खूळ शिरलं आणि त्यानं गाड्याकडं पाठ फिरवली. "त्यात अजिनोमोटो असतं भावा, विष." मग कुठंतरी वाचलं की किकुनाए इकेदा नावाच्या तोक्योच्या प्राध्यापकानं १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीतून ती चव शोधून काढली, तिला उमामी म्हटलं आणि वर्षभरात अजिनोमोटो बाजारात आलं. आता तीच पांढरी पूड त्याच्या घरात काचेच्या बरणीत आहे. गाडीवाल्याची माफी मात्र अजून मागितलेली नाही.

नूडल्ससाठी त्याला आईकडं यावं लागलं, आणि प्रकरण खरं इथं रंगलं. रामेनच्या नूडल्स पिवळसर आणि चिवट होतात त्या कान्सुईनं. सोडियम आणि पोटॅशियमची कार्बोनेटं, पिठाच्या एक टक्क्याच्या आसपास. ही माहिती त्यानं मध्यरात्रीपर्यंत जागून मिळवली. कान्सुई कोल्हापुरात मिळेना, म्हणून खायचा सोडा ओव्हनमध्ये तासभर भाजून घरीच कार्बोनेट करायला घेतलं. आईनं दार उघडून बघितलं.

"हे पांढरं काय भाजत ठिवलंयस?"

त्यानं रसायनशास्त्र सांगितलं. कार्बन डायऑक्साइड कसा उडून जातो, अल्कली कशी वाढते, पीठ त्यानं कसं आवळतं.

"मग पापडखार घे की," आई म्हणाली. "वरच्या फळीवर डबा हाय."

मग तिनं त्याचा पिठाचा गोळा बोटानं दाबला आणि ताटाखाली झाकून ठेवला. "मुरू दे. तुझी लईच घाई." उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका एकमेकींकडं शेवयांना जायच्या त्या काळातली ती. गव्हाचं पीठ तिंबून, पाटावर वळून, ताणून तार काढायची आणि आडव्या काठीवर वाळत घालायची. तार तुटली तर शेजारची बाई बघायच्या आत तोंडात टाकायची. लान्झोऊचा एक चिनी बल्लव हातानं नूडल्स ओढतो त्याचा व्हिडिओ रामेनकरानं तिला फार कौतुकानं दाखवला. तिनं शेवटपर्यंत बघितला आणि एवढंच विचारलं, "पंखा चालू ठिवून करतोय? सुकून तुटणार."

आणि हा स्वतः शेवया खात नाही! दूध-गुळातल्या शेवया म्हणजे त्याला पाहुणे आल्याची शिक्षा वाटते. चकोल्याही नकोत. आमटीत शिजवलेल्या कणकेच्या पट्ट्या, वरून तुपाची धार. एखाद्या जपानी म्हातारीनं हाच पदार्थ केला असता तर त्यानं तिच्यावर तासभर भाषण दिलं असतं.

बाहेर खाण्याच्या बाबतीत त्याचा धर्म कडक आहे. पुण्यात पार्ट्सची डिलिव्हरी असली की हा स्वतः जातो, कारण तिथं एक जपानी म्हणवणारं हॉटेल आहे. एका भांड्याच्या पैशात कोल्हापुरात दोन माणसं मटण थाळी जेवतील, पण ते असो. भांडं येतं. अर्धं अंडं, कोंबडीचे दोन तुकडे, कडेला समुद्री शेवाळाचा काळा कागद. आधी तो तुकड्यांकडं बघतो, मग चॉपस्टिकनं त्यांना हळूच स्पर्श करून बाजूला सारतो. जूझो इतामीच्या 'ताम्पोपो' या १९८५ सालच्या सिनेमात एक म्हातारा अशी दीक्षा देतो. दोन भुरक्यांत रस्सा संपतो आणि कोल्हापूरचा हात आपोआप वर जातो.

"रस्सा वाढा."

"सर, ब्रॉथ रिपीट होत नाही."

हाकातात रीत उलटी आहे. तिथं रस्सा राखून ठेवायचा आणि नूडल्स वाढून मागायच्या, त्याला काएदामा म्हणतात. रामेनकराला हे पाठ आहे, इतरांना तो समजावूनही सांगतो. पण रस्सा मोजून देणारं हॉटेल आपल्या गावात आठवडाभरही चालणार नाही हे ज्ञान रक्तातलं आहे, त्यापुढं काएदामाचं काही चालत नाही. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत तो गप्प असतो.

फडतरे मिसळीच्या रांगेत उभा असला की तोक्योतल्या रांगांचं वर्णन करतो. तिथं म्हणे भांड्याच्या तळाला आधी तारे घालतात, म्हणजे मीठ, सोयासॉस किंवा मिसोचा घट्ट अर्क. मग गरम रस्सा, मग नूडल्स, मग वरचा साज, आणि सगळं गिऱ्हाईक बसल्यावर, त्याच्या डोळ्यांसमोर. समोर मिसळवाला त्याच वेळी मटकी, बटाटा, फरसाण आणि कट असे थर चढवत असतो. हा बघतो, पण त्याला दिसत नाही. दिसलं तर पावाबरोबर खावं लागेल.

भुरक्याचं मात्र त्याला मोठं समाधान आहे. लहानपणी आवाज केला म्हणून सासुरवाडीच्या रीतीभातीची धमकी मिळायची. आता आवाज करणं ही जपानी सभ्यता ठरली. गरम नूडल्स हवेसकट ओढल्या की निवतात आणि वासही नीट कळतो, असं त्याचं शास्त्र. सासऱ्यांसमोर त्यानं हे शास्त्र प्रात्यक्षिकासह मांडलं. सासरे आयुष्यभर तांबडा रस्सा वाटीतून ओरपत आलेले, ते म्हणाले, "आमाला वाटलं हे आमचं गावंढळपण हाय. जपानात मान हाय म्हणता?" त्या दिवसापासून जावयाच्या ताटात नळी न चुकता पडते.

तिखटाच्या प्रांतात त्याच्यातला कोल्हापूरकर उसळी मारतो. जून २०२४ मध्ये डेन्मार्क सरकारनं कोरियाच्या सामयांग कंपनीच्या बुलडाक नूडल्सचे तीन प्रकार फार तिखट म्हणून बाजारातून काढून घ्यायला लावले, ती बातमी त्यानं सगळ्या ग्रुपांवर पाठवली आणि त्याच रात्री मित्रांना जमवून तेच पाकीट शिजवलं. घाम पुसत पुसत सगळ्यांनी खाल्लं. एक जण म्हणाला, "गोड हाय की जरा." मग वरून घरची चटणी पेरली. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही.

रात्री एकटा जागा असला की तो चक्क मॅगी करतो. मॅगी भारतात आली १९८३ साली, म्हणजे याच्या जन्माच्या आधीपासून ती घरात आहे. पन्हाळ्यावर पावसात भिजून ती खाल्लेली, २०१५ च्या बंदीत मित्राच्या कपाटातलं शेवटचं पाकीट चौघांत वाटून खाल्लेलं. पण कुणी पकडलं तर तो लगेच मोमोफुकू आंदोचं चरित्र सांगतो: या माणसानं १९५८ साली ओसाकाजवळ इकेदा गावी घरामागच्या शेडमध्ये खटपट करून झटपट रामेन बनवलं, नूडल्स तेलात तळून वाळवायची युक्ती शोधली. शेडवर त्याचा विशेष भर असतो. उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला शेडमधून जग जिंकणाऱ्याबद्दल आपुलकी असणारच.

परवाच्या रविवारी त्यानं घरी रामेन घातलं. आम्ही बारा-तेरा जण असू. दोन दिवस आधीपासून हाडं उकळत होती, अंडी साडेसहा मिनिटांवर घड्याळ लावून काढलेली, सोयासॉसमध्ये रात्रभर बुडवलेली. नूडल्स आईच्या हातच्या, त्यामुळं उत्तम. भांडी मांडली गेली, चॉपस्टिक वाटल्या गेल्या. तात्यांनी त्या दोन्ही कानाला लावून ठेवल्या, सुताराच्या पेन्सिलीच्या जागी. पहिला भुरका झाला आणि खोलीत खरोखर एकमत झालं, की झकास आहे. मग तेरा तोंडांतून एकदम आलं, "रस्सा वाढा."

रस्सा मोजून केलेला होता. रामेनकर कासावीस होऊन काएदामा समजावू लागला. "आता नूडल्स वाढून घ्यायच्या असत्यात. रस्सा राखून..."

"राखायला बँकेत ठिवायचाय काय?" तात्यांनी विचारलं.

बायकोनं आईकडं बघितलं, आईनं बायकोकडं. दोघी आत गेल्या आणि झाकलेलं मोठं पातेलं घेऊन आल्या. सकाळीच करून ठेवलेला तांबडा, वर बोटभर तवंग. तात्यांनी उरलेल्या नूडल्सवर दोन पळ्या ओतल्या, कानावरच्या काड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि हातानं कालवायला घेतलं. बाकीच्यांनीही भांडी पुढं केली. रामेनकर उभाच होता. शेवटी त्यानंही एक पळी घेतली, भुरका मारला, थांबला, दुसरा मारला आणि खिशातून वही काढली.

"आई, ह्यात खोबरं किती भाजलंस?"

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हंजे किती ग्रॅम?"