घरदाखव्या

दिवाळीचा आकाशकंदील उतरलेला आणि संक्रांतीचे तीळ अजून भाजायचे, अशा मधल्या काळात पुण्याच्या जुन्या सोसायट्यांमध्ये एक गृहस्थ हमखास आढळतो. वय साठीच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, इमारतीला लिफ्ट नाही, मुलं बंगळुरात किंवा त्याहून लांब, आणि गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारलेला. फ्लॅट विकायचा ठरला आहे. एजंटचा फोन येतो, "काका, रविवारी अकराला पार्टी घेऊन येतोय." ज्या माणसाने बाथरूमचा गळका नळ गेली वीस वर्षं 'बघू' या एका शब्दावर चालवला, तो शनिवारी सकाळी आठला प्लंबरच्या दारात उभा राहतो. या गृहस्थाला आपण घरदाखव्या म्हणू. त्याच्यावर लबाडीचा आरोप नेहमीच होतो. माझा आरोप वेगळा आणि जास्त गंभीर आहे. घर सुखाचं कसं करावं हे त्याला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं आणि ते सुख त्याने वीस वर्षं परक्या माणसासाठी जपून ठेवलं.

आधी त्याने निवडलेला मोसम पाहा, म्हणजे त्याचं ज्ञान किती खोल आहे ते कळेल. पौषात टोकन द्यायला पुष्कळ लोक नाखूश असतात, हे त्याला माहीत आहे. पण पाहायला पौष चालतो, टोकन माघात घेता येतं. शिवाय पुण्यातल्या घराचं रूप डिसेंबर-जानेवारीत जितकं खुलतं तितकं एरवी कधीच खुलत नाही. 22 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी इथला सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण 48 अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीवर सज्जा नसेल, तर सात फुटी दारातून ऊन सहा फूट आत येऊन थेट सोफ्याशी पोचतं. मेच्या मध्यात तोच सूर्य डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस साजरा होतो आणि स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला राहतो. पश्चिमेची बेडरूम एप्रिलमध्ये दुपारी चारला ओसाड पडते. जानेवारीत चारला तिथे पेपर वाचावासा वाटतो. पावसाळा संपून दोन-अडीच महिने झालेले असल्यामुळे भिंतीतली ओल वाळलेली असते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं पावसाळ्यात भरून घेतलेली असतात, म्हणून टँकर हा शब्द सोसायटीच्या बोलण्यात अजून आलेला नसतो. पंखा लावावा लागत नाही, त्यामुळे त्याची खरखरही गुपित राहते. घराची जेवढी म्हणून दुखणी आहेत तेवढी सगळी या दोन महिन्यांत रजेवर असतात आणि घरदाखव्याने त्यांच्या रजेचं वेळापत्रक तोंडपाठ केलेलं असतं. पार्टीला तो संध्याकाळी येऊ देत नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ऑफिस सुटून येणारा माणूस अंधारात येणार आणि ऊन फुकट जाणार. रविवारचे अकरा ते एक, हाच त्याचा मुहूर्त.

शनिवारच्या तयारीचे दोन भाग असतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. पहिला भाग लपवण्याचा. बाल्कनीतली व्यायामाची सायकल, जिच्यावर व्यायाम फक्त टॉवेलांनी केला, ती वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाते. रद्दीचे गठ्ठे दिवाणात, दिवाणातल्या रजया माळ्यावर, आणि माळ्यावरचा मोडका मिक्सर, थर्माकोलचं मखर व तीन पिढ्यांच्या सूटकेस बहिणीच्या गॅरेजमध्ये. फ्रिजवरची औषधांची टोपली नाहीशी होते, कारण आजारी माणसाच्या घराचा भाव पडतो असा एजंटचा सिद्धान्त आहे. दुसरा भाग घालण्याचा. नळाला नवा वायसर बसतो. बेडरूमचं करकरणारं दार दोन थेंब तेलात गप्प होतं. हॉलमधली पांढरीफटक ट्यूब जाऊन पिवळसर उजेडाचे दिवे येतात आणि त्या उजेडात खुद्द घरदाखव्याची बायको सुंदर दिसू लागते, हा त्यालाही धक्का असतो. गार फरशीवर सतरंजी येते. शोकेसमधला बोनचायनाचा सेट, ज्यातून घरच्यांनी आजवर एकदाही चहा प्यायलेला नाही, प्रथमच ओट्यावर येतो. आणि रिकाम्या झालेल्या बाल्कनीत, उन्हात, दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या जातात.

वासाचाही विचार झालेला असतो. घर पाहायला लोक येणार असले की ओव्हनमध्ये पाव भाजायला ठेवावा, असं अमेरिकेतले एजंट सांगतात. आमच्या घरदाखव्याला असल्या परक्या सल्ल्याची गरज नाही. त्याच्याकडे आल्याचा, गवती चहाचा चहा आहे आणि मार्गशीर्षातला गुरुवार आहे. त्या दिवशी घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला असतो, दारात रांगोळी, पाच फळं, उदबत्ती, आत खीर उकळत असते. पार्टीला गुरुवारची सुट्टी मिळत असेल, तर घर सजवण्याचा खर्च परस्पर देवीच्या खात्यात पडतो. पौष लागला की हा आधार सुटतो. मग तिळाची वडी थापायचं काम आठवडाभर आधीच निघतं आणि गुळाचा पाक नेमका दहा पंचावन्नला गोळीबंद होतो.

रविवारी पार्टी येते. घरदाखव्या दार उघडतो, पण दारातून बाजूला होत नाही, आधी पार्टीच्या तोंडावर वारा येऊ देतो आणि मग म्हणतो, "क्रॉस व्हेंटिलेशन." पुढे तो त्यांना थेट बाल्कनीत नेतो. स्वयंपाकघर, संडास, बेडरूम या क्रमाने घर पाहण्याची त्यांची इच्छा असते, पण ऊन बारानंतर टाकीआड जाणार हे फक्त त्याला माहीत असतं. "आम्ही दोघं रोज सकाळी इथेच चहा घेतो," असं तो सांगतो. हे वाक्य तो इतक्या मनापासून बोलतो, की आतून काकूही क्षणभर बाहेर डोकावून बघतात. काकू ही या प्रयोगातली धोक्याची जागा. कार्पेट किती, कन्व्हेयन्स झालंय का, पार्किंग कुणाच्या नावावर, या प्रश्नांना काका पुरे पडतात. पण पार्टीतल्या बाईंनी सहज विचारलं, "उन्हाळ्यात गरम होत असेल ना हो?" की काकू म्हणणार, "अहो, विचारू नका!" आणि काकांना खोकला येणार. मग किमतीचा प्रश्न निघाला की तो "बोलू की बसून" असं म्हणतो, वास्तविक सगळे बसलेलेच असतात.

आता आक्षेप. पहिला अर्थातच हा, की ही सरळ फसवणूक आहे. याचं उत्तर कायद्याने फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या 55 व्या कलमानुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे गळणाऱ्या भिंतीवर पुट्टी मारून वर क्रीम रंग देणारा या कलमात अडकू शकतो, आणि अडकावाच. पण सतरंजी, पिवळा दिवा आणि आल्याचा चहा यांना दोष कोण म्हणेल? ऊन तर खरंच येतं. दुसरं असं, की समोरची पार्टीही काही वाल्मीकी ऋषींच्या आश्रमातून आलेली नसते. फ्लॅट मनात भरलेला असताना ती तोंड कडू करून भिंतीवर टिचक्या मारते आणि "अजून दोन-तीन बघून ठेवलेत" असं सांगते. दोघंही मुखवटे घालून आलेत, तेव्हा फसण्याचा हक्क दोघांनाही समान आहे. या प्रसंगाला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची उपमा देण्याचा मोह अनेकांना होतो. ती मला पटत नाही. तिथे जिला दाखवायचं ती माणूस असते आणि तिला गप्प बसवतात, इथे जे दाखवायचं ते मुळात मुकं असतं आणि म्हणून त्याच्या वतीने काका थांबत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. विकताना केलेला खर्च किमतीतून वसूल होतो, राहताना केलेला होत नाही. तेव्हा गृहस्थाचं चुकलं कुठे? चुकलं ते हिशेबात. ज्या व्यवहारात सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्यच 25,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतं आणि मुद्रांक शुल्क लाखांत मोजतात, त्यात वायसरची किंमत कुठल्याच रकान्यात दिसत नाही. दारातल्या दोन थेंब तेलाची तर पावतीही मिळत नाही. वीस वर्षं हे झालं नाही ते पैशांमुळे नव्हे. घरात नळाचा आवाज ऐकणारे फक्त घरचेच होते, आणि घरच्यांसाठी काही करायचं तर निमित्त लागतं. चांगले कप पाहुण्यांना, कोरी चादर पाहुण्यांना, हॉलमधला पंखा आधी पाहुण्यांच्या दिशेने: या शिस्तीत वाढलेल्या माणसाने अख्खं घरच शेवटी एका पाहुण्यासाठी नीट केलं, यात तर्काची काही चूक नाही. तर्क पहिल्या कपापासूनच चुकला होता.

तिसरा आक्षेप जास्त दमदार आहे आणि तो बहुधा काकूंचा असतो. दाखवायचं घर राहायचं नसतं. राहत्या घरात औषधं लागतात, रद्दी साठते, कपडे वाळतात, आणि रोज प्रदर्शनात राहणारा माणूस वेडा होईल. हे शंभर टक्के मान्य. म्हणून तर वर तयारीचे दोन भाग वेगळे केले. लपवलेल्या वस्तू परत याव्यातच. औषधांची टोपली फ्रिजवर असणं हा संसाराचा मूलभूत अधिकार आहे. पण न गळणारा नळ, न करकरणारं दार आणि उन्हातल्या दोन खुर्च्या यांनी संसारात कुठे अडथळा येतो? अडथळा फक्त सायकलीचा होता, आणि ती शेजाऱ्यांनी एव्हाना प्रेमाने वापरायला, म्हणजे टॉवेल वाळत घालायला, घेतली आहे.

या सगळ्याचा परिणाम शेवटी किमतीवर होतो. काहनमन, क्नेच आणि थेलर या संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कप देऊन टाकले आणि मग विकायला सांगितले. ज्यांच्या हाती कप होता त्यांनी सांगितलेली किंमत, नसलेले जेवढी द्यायला तयार होते तिच्या साधारण दुप्पट निघाली. तो कप त्यांच्याकडे काही मिनिटंच होता. घरदाखव्याकडे तर घर आहे, आणि ते चांगलं घर त्याला नुकतंच, शनिवारी रात्री मिळालं आहे. चौथी पार्टी येऊन जाईपर्यंत तो खरोखरच रोज सकाळी बाल्कनीत चहा घेऊ लागलेला असतो, बोनचायनाच्या कपातून, कारण तो धुवायला काढलेलाच असतो. मग एजंटला तो दोन लाख वाढवून सांगतो. एजंट म्हणतो काका लोभी झाले. काका लोभी झालेले नसतात. ते त्या घरात नुकतेच राहायला आलेले असतात.

तेव्हा घेणाऱ्याला सल्ला असा, की घर पौषात बघावं, आवडलं तर आषाढात पुन्हा बघावं आणि दोन्ही वेळा प्रश्न काकूंना विचारावेत. विकणाऱ्याला काहीच सांगायला नको, तो सर्वज्ञ आहे. सल्ल्याची गरज आहे ती आपल्यासारख्या, घर विकायचा विचारही नसलेल्या माणसांना. दर पाच वर्षांनी, थंडी पडली की, आपलं घर विकायला काढावं. प्लंबर बोलवावा, ट्यूब बदलावी, खुर्च्या उन्हात मांडाव्यात, चार पार्ट्यांना चहा पाजावा. फक्त भाव असा सांगावा की कुणीही घेणार नाही; आणि या शेवटच्या अटीसाठी निदान पुण्यात तरी कुणाला वेगळा प्रयत्न करावा लागणार नाही.