थंडीचा फोटो

परभणीत बर्फ पडत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण ते कुणी बोलून दाखवलेलं चालत नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' एवढ्या ओळखीवर पिढ्या काढलेल्या गावाला थंडीने जरा बरे दिवस दाखवले. 29 डिसेंबर 2018 रोजी इथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा 2 अंशांवर उतरला. आधीचा विक्रम 17 जानेवारी 2003 चा, 2.8 अंशांचा, तोही घरचाच. पारा आपणच रात्रभर जागून खाली ओढला, अशा थाटात त्या दिवशी माणसं एकमेकांना भेटत होती. हवामान खात्याचा आकडा विद्यापीठापेक्षा जास्त निघाला, तर कमी असेल तोच खरा, असा आमचा दंडक आहे.

कॅनडातला भाचा मात्र घरच्या ग्रुपवर बर्फाचे फोटो टाकतो. रात्रभर बर्फ पडून गेलेला, वाटेवर कुणाचं पाऊल उमटलेलं नाही, आणि हा गळ्यात कॅमेरा अडकवून एकटाच हिंडतोय. खाली साळसूद प्रश्न : "मामा, तुमच्याकडे थंडी पडली का?" याला शब्दांत उत्तर देणं म्हणजे हार पत्करणं. तेव्हा कॅमेरा घेऊन मीही पहाटे विद्यापीठाच्या रस्त्याला लागलो.

तिकडच्या फोटोंतून शांतता ऐकू येते म्हणतात. इकडे त्या वेळेला अर्धं परभणी फिरायला निघालेलं असतं, आणि पायांपेक्षा तोंड जास्त चालवतं. माकडटोप्यांमधून सोयाबीनचा भाव, मुलीचं स्थळ आणि गुडघ्याचं ऑपरेशन वाफेसह बाहेर पडत असतं. वर टिटवीचा आरडाओरडा. मी ज्वारीच्या पात्यावरचं दव टिपलं. फोटो सुरेख आला. फक्त तो श्रावणातला वाटत होता. कानातून कळ निघत होती, बोटं बटण दाबायला तयार नव्हती, आणि यातलं काही म्हणता काही फोटोत उतरेना.

"काय काढायलात सर?" एका मफलरने विचारलं.

"थंडी."

"ती कालच पेपरात आली की."

अडचण मुळातच आहे. आमची थंडी निरभ्र आकाशाची. उत्तरेकडून कोरडं वारं येतं, रात्री ढगांचं पांघरूण नसतं, दिवसभर तापलेल्या काळ्या रानातली ऊब सरळ वर निघून जाते. बर्फाला मात्र ढग लागतात, आणि ढग आले की आमचा पारा चढलाच. थंडी हवी तर ढग नको, बर्फ हवा तर ढग पाहिजे! तरीही 2018 साली आमचा बर्फ अवघ्या दोन अंशांनी हुकला, असं मी पाहुण्यांना सांगतो. हवामानशास्त्राचे प्राध्यापक बसलेले असले तर सांगत नाही.

बर्फाबद्दलचं खरं मत पट्टकादंबांना विचारावं. तिबेट-मंगोलियाकडचे हे हंस हिवाळा सुरू झाला की हिमालय ओलांडून पार जायकवाडीच्या पाण्यापर्यंत येतात. एवढा जिवावरचा प्रवास करून ते मराठवाडा गाठतात तो उबेसाठी, आणि आम्ही इथे गारठ्याची शेखी मिरवतो.

आभाळातून बर्फ आमच्याकडेही येतो, पण नको तेव्हा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत मराठवाड्यातली शेतं पांढरी झाली होती. काढणीला आलेला गहू, ज्वारी आडवी. त्या पांढऱ्यातून फोटो काढत हिंडायची पाळी पंचनाम्यावाल्यांची होती. भाच्याने तेव्हा काही विचारलं नव्हतं.

शेवटी मी पेपरवाल्यांचीच वाट धरली. दर डिसेंबरला छापून येतो तो थंडीचा फोटो म्हणजे शेकोटीचा. गारठा दाखवायचा तर विस्तव दाखवायचा. चहाच्या टपरीपाशी चौघे शेकत बसले होते. मी कॅमेरा उचलला तशी चौघांनी मफलरं सोडली, टोप्या काढल्या, केसांवरून हात फिरवले.

"अहो, राहू द्या की टोप्या!"

"मग वळखू कसे येणार आमी? कोणत्या पेपरात यायलंय?"

"पेपरात नाही. कॅनडाला पाठवायचाय, भाच्याला."

"फॉरेनला?" त्यातला एक उठून उभा राहिला. "थांबा मग जरा." आणि त्याने स्वेटरही काढला. आत नवा शर्ट होता.