वास आला का जी?

अर्जुनी मोरगावकडच्या कोणत्याही गावात चौकशी करा, असे एक निवृत्त गुरुजी सापडतीलच. नवेगावबांधला लोक पक्षी पाहायला येतात, माना वर करकरून. गुरुजी मात्र पावसाळाभर मान खाली घालून बांबूच्या रांजीत शिरलेले असतात. सोबतच्याने नाकाला रुमाल लावला की यांचा चेहरा खुलतो. "वास आला का जी?"

वास म्हणजे मेल्या उंदराचा. तो येतो एका जाळीवाल्या अळंबीचा. गावाच्या लेखी ती कुत्र्याची छत्री, गुरुजींच्या लेखी 'बाईसाहेब'. पालापाचोळ्यातून आधी तिचं पांढरं, गिळगिळीत अंडं डोकं काढतं. ते फुटलं की काही तासांत वीतभर पोकळ दांडा उभा राहतो आणि टोपीखालून क्रोशाच्या विणकामासारखी पांढरी जाळी उतरते. टोपीवर हिरवट-काळा चिकटा. माश्या तो चाटतात आणि तिचे बीजाणू रानभर नेऊन टाकतात. संध्याकाळपर्यंत बाईसाहेब आडव्या. म्हणून गुरुजी पहाटेच टॉर्च घेऊन हजर. पोराच्या लग्नात मुहूर्ताला उशिरा आलेला हा माणूस!

त्या अळंबीचा आकार हा एक नाजूक विषय आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला की घटकाभर कोणीच बोलत नाही. मग एखादी वहिनी विचारते, "भावजी, हे का आहे जी?" गुरुजी घाईघाईने लिहितात, "जाळी बघा, जाळी!"

घरी सात्यांची, म्हणजे खायच्या रानअळंबीची, भाजी असली की जेवताना व्याख्यान ठरलेलं. चीनमध्ये हिची टोपी काढून, वाळवून सूप करतात, पण आपण ओळखीच्या सात्या सोडून काही तोंडात घालायचं नाही. तिथून गाडी आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर. तिथे याच कुळातली जेमतेम दोन इंची, खाली मान घातलेली अळंबी सापडली. डेस्जार्डिन नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने 2009 साली तिला रॉबर्ट ड्र्यूज या आपल्या बेडूकतज्ज्ञ मित्राचं नाव दिलं. मित्रानेही ते हसत मिरवलं. "याला म्हणतात दोस्ती! आपल्या नावानं कोणी साधं गवत तरी ठेवलं का?"

"तुमच्या नावानं गावात शिमगा होते, तेवढा पुरे नाई का?" गुरुजींची बायको भात वाढता वाढता म्हणते.

परवा शेजारच्या घरी दोन दिवस मेलेला उंदीर शोधणं चाललं होतं. कोठी उपसली, माळा झाडला. गुरुजी आले, नाक वर केलं, तडक परसातल्या बांबूमागे गेले आणि तिथूनच ओरडले, "उंदीर नाही जी! अभिनंदन!" तोवर आजी फिनाइलची बाटली घेऊन निघाल्या होत्या. गुरुजी आडवे झाले. भांडले नाहीत, हातच जोडले: "चारनंतर टाका ना जी. तवरी माश्यायचं काम होऊन जाईल."